किती भरते, की किती वेळा रिती होते?

आकाशदर्शनाच्या शिबिराला वीज नसलेले माळरानच शोधावे लागते. गावाचे दिवे जितके दूर, तितके तारे अधिक. पण मग दुर्बिणीची मोटर, नोंदींसाठी नेलेला संगणक आणि मुलांच्या पायवाटेवरचे दिवे यांना वीज कोठून आणायची, हा प्रश्न उरतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहायला आम्ही चाळीसेक मुले घेऊन गेलो, तेव्हा हा प्रश्न आम्हाला अगदी सोपा वाटला होता. बरोबर आणलेल्या जीपची बॅटरी काढली आणि तिला दिवे व मोटर जोडली. रात्र छान गेली. सकाळी मात्र जीप चालू होईना. मुलांनी ती उतारापर्यंत ढकलत नेली, तेव्हा कोठे आम्ही घरी पोहोचलो.

यातून शहाणे होऊन आम्ही शिबिरांसाठी मोटारीचीच एक नवी कोरी बॅटरी विकत घेतली. शिबिर झाले की ती कपाटात जाई आणि पुढच्या शिबिराच्या आदल्या दिवशी चार्ज होई. जेमतेम डझनभर रात्री झाल्या असतील, ती दहा वाजताच मान टाकू लागली. दुकानात नेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "गुरुजी, ही गाडीची बॅटरी. ही रिकामी करायची नसते." आमच्यातील एका सरांनी विचारले, "रिकामी करायची नाही, तर भरायची कशाला?"

प्रश्न थट्टेने विचारला होता, पण तो नीट पाहिला तर बॅटरीचा दोनशे वर्षांचा इतिहास त्यात सामावलेला दिसतो. आज सहलीसाठी, शेतावरच्या खोलीसाठी किंवा वीज न पोहोचलेल्या पाड्यावरील शाळेसाठी बॅटरी घ्यायची झाली, तर बाजारात शिसे-आम्ल, ट्यूब्युलर, लिथियम, 'डीप सायकल' अशी अनेक नावे कानांवर येतात. या नावांमागे काय आहे ते समजून घ्यायचे, तर थोडे मागे जावे लागेल.

एकदाच मिळणारी वीज

इटलीतील शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी मार्च १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपला शोध कळवला. चांदी किंवा तांब्याची चकती, जस्ताची चकती आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापड, अशा जोड्या एकावर एक रचल्या की त्या चवडीतून सतत विद्युतप्रवाह मिळतो, असे त्यांनी दाखवून दिले. यापूर्वी वीज म्हणजे घर्षणाने निर्माण होणारी क्षणभराची ठिणगी होती. आता ती वाहू लागली. १८३६ मध्ये इंग्लंडच्या डॅनियल यांनी अधिक स्थिर प्रवाह देणारा घट तयार केला. तारायंत्रे अशा घटांवरच चालत.

या सर्व घटांमध्ये जस्त खर्ची पडत असे. चुलीत लाकूड जळावे तसे जस्त विरघळून जाई आणि ते संपले की नवे घालावे लागे. आपल्या भिंतीवरच्या घड्याळातील सेल आजही याच जातीचा आहे. असा घट म्हणजे विजेचा झरा आहे, पण विजेची साठवण नव्हे. साठवण म्हणायची, तर काढलेले परत भरता आले पाहिजे.

पॅरिसहून ग्लासगोला गेलेली पेटी

हे प्रथम साधले ते फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांना, १८५९ मध्ये. त्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये जाड कापड घातले, त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवली. बाहेरून वीज दिली की एका पत्र्यावर लेड डायऑक्साईडचा तपकिरी थर तयार होई. मग हीच गुंडाळी उलट वीज देऊ लागे. ती रिकामी झाली की पुन्हा भरता येई. गंमत म्हणजे पहिल्या काही आवर्तनांत ती थोडीच वीज साठवी. कित्येक महिने भरत आणि रिकामी करत राहिले की पत्र्यांचा पृष्ठभाग सच्छिद्र होई आणि तिची धारणा वाढे.

हा शोध वीस वर्षे प्रयोगशाळेतच राहिला. कारण उघड होते. प्लांते यांची बॅटरी भरायची तर वीज आणायची पुन्हा जस्ताच्याच घटांतून. १८७१ मध्ये ग्राम यांनी व्यवहारात चालेल असा डायनॅमो दाखवला आणि वाफेच्या इंजिनावर हवी तेवढी वीज निर्माण करणे शक्य झाले. मग ती साठवण्याची निकड भासू लागली. १८८१ च्या सुमारास कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाने शिशाच्या ऑक्साईडांचा आम्लात कालवलेला लगदा थेट पत्र्यावर लिंपला. महिनोन्महिने पत्रे 'पिकवण्याची' गरज उरली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात फोर यांच्या चार घटांची एक भरलेली पेटी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम थॉमसन यांच्याकडे नेण्यात आली. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. सुमारे एक घनफूट आकाराच्या त्या पेटीत दहा लाख फूट-पौंड ऊर्जा आहे, अशी बातमी वृत्तपत्रांत झळकली आणि 'विजेची पेटी' हा कौतुकाचा विषय झाला. आपल्या एककात सांगायचे तर ही ऊर्जा सुमारे ३७५ वॉट-तास भरते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

एवढीच ऊर्जा चांगल्या दगडी कोळशाच्या सुमारे ४५ ग्रॅम तुकड्यात असते. मग कौतुक कशाचे? कोळसा एकदा जळला की संपला. ही पेटी रिकामी झाल्यावर पुन्हा भरता येत होती. बॅटरीची किंमत तिच्यात एका वेळी किती ऊर्जा मावते यावर ठरत नाही. आयुष्यभरात ती एकूण किती ऊर्जा घेते आणि परत देते, यावर ठरते. फोर यांच्या बॅटरीचा दोष नेमका येथेच होता. लिंपलेला लगदा आवर्तनागणिक सुटून तळाशी गाळ होऊन बसे.

पाडायचे आणि पुन्हा बांधायचे

असे का होते, हे समजण्यासाठी आत काय घडते ते पाहू. भरलेल्या शिसे-आम्ल घटात ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे असते आणि धन पट्टीवर लेड डायऑक्साईड. वीज काढत गेलो की दोन्ही पट्ट्यांवर एकच पदार्थ तयार होतो, लेड सल्फेट. आम्लातील सल्फेट पट्ट्यांवर जाते, म्हणून आम्ल पातळ होते. गॅरेजमधील कारागीर काचेच्या नळीतील तरंगणाऱ्या मापकाने आम्लाची घनता पाहून बॅटरी किती भरली आहे ते सांगतो, ते याच कारणाने.

म्हणजे प्रत्येक आवर्तनात पट्टीवरचा क्रियाशील पदार्थ नाहीसा होऊन दुसरा पदार्थ तयार होतो आणि चार्ज करताना पुन्हा पहिला घडवला जातो. एखादा वाडा रोज संध्याकाळी पाडायचा आणि सकाळी त्याच विटांनी पुन्हा उभारायचा, असे हे काम आहे. थोडाच भाग पाडला तर डागडुजी ठीक होते. पायापर्यंत पाडला तर काही विटा फुटतात, काही जागच्या हलतात. लेड सल्फेट शिशापेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे पट्टी फुगते आणि आकसते, पदार्थ सैल होऊन गळतो. शिवाय बॅटरी रिकामी ठेवून दिली, तर सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे आणि टणक होत जातात. मग ते चार्ज करूनही मोडत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. आमच्या शिबिराच्या बॅटरीवर दोन्ही अत्याचार झाले होते. आम्ही ती तळापर्यंत रिकामी केली आणि रिकामीच कपाटात ठेवली.

एका नावाच्या दोन बॅटऱ्या

पण मग जीपमध्ये तीच बॅटरी तीन-चार वर्षे कशी टिकते? याचे उत्तर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आहे. त्यापूर्वी मोटार चालू करण्यासाठी पुढे उभे राहून हँडल फिरवावे लागे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि ते कष्ट वाचले. या स्टार्टरला दोन-तीन सेकंदच वीज लागते, पण ती शेकडो अँपिअर लागते. इतका मोठा प्रवाह द्यायचा तर पट्ट्यांचे क्षेत्रफळ मोठे हवे. म्हणून मोटारीच्या बॅटरीत पातळ पातळ पट्ट्या मोठ्या संख्येने बसवल्या गेल्या. गाडी चालू करताना बॅटरीतील शेकडा दोन-तीन भागच खर्च होतो आणि गाडी धावू लागली की डायनॅमो तो लगेच भरून काढतो. ही बॅटरी आयुष्यभर भरलेलीच असते. दुकानदाराचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

याउलट टेलिफोन केंद्रे, पाणबुड्या, रेल्वेच्या डब्यांतील दिवे आणि विजेवर चालणाऱ्या मालगाड्या यांना प्रवाह बेताचा, पण तासन्‌तास हवा होता. त्यांच्यासाठी जाड पट्ट्यांच्या बॅटऱ्या तयार झाल्या. १९१० च्या सुमारास अमेरिकेत धन पट्टीचा पदार्थ सच्छिद्र नळ्यांमध्ये भरण्याची पद्धत आली. नळीतला पदार्थ सैल झाला तरी बाहेर गळत नाही. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातील घराघरांत इन्व्हर्टरखाली जी उंच 'ट्यूब्युलर' बॅटरी येऊन बसली, ती याच वंशातील. खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरण्यासाठी बनवलेल्या अशा बॅटरीला 'डीप सायकल' म्हणतात. बाहेरून खोके सारखेच दिसते, बारा व्होल्टही सारखेच असतात. फरक आतल्या पट्टीच्या जाडीत आहे.

एडिसन यांनी तर शिसेच बाजूला ठेवायचे ठरवले. विजेच्या मोटारींसाठी त्यांनी १९०१ पासून निकेल-लोखंडाच्या बॅटरीवर काम केले आणि १९०९ मध्ये तिचा सुधारलेला नमुना बाजारात आणला. ती पूर्ण रिकामी केली तरी बिघडत नसे आणि दशकानुदशके टिके. पण ती महाग होती, दिलेल्या विजेचा बराच भाग वाया घालवी आणि नुसती ठेवली तरी हळूहळू रिकामी होई. शिवाय केटरिंग यांच्या स्टार्टरमुळे पेट्रोलची मोटार सोयीची झाली आणि विजेची मोटार मागे पडली. विजेच्या मोटारीला मागे सारण्यात बॅटरीचाच हात असावा, हा इतिहासातील एक मजेदार योगायोग म्हणायचा.

याच काळातील आणखी एक शोध खरेदीच्या वेळी उपयोगी पडतो. १८९७ मध्ये जर्मनीतील प्यूकर्ट यांनी दाखवले की शिसे-आम्ल बॅटरीतून जितक्या घाईने वीज काढावी, तितकी ती एकूण कमी मिळते. बॅटरीवर लिहिलेले १०० अँपिअर-तास बहुधा वीस तासांत, म्हणजे ५ अँपिअरने काढले तरच मिळतात. तीच बॅटरी ५० अँपिअरने वापरली तर हाती साधारण ६० अँपिअर-तासच लागतात. आम्ल पट्टीच्या छिद्रांत पोहोचायला वेळ लागतो, हे त्याचे मुख्य कारण.

धर्मशाळेची कल्पना

आता लिथियमकडे वळू. १८१७ मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आर्फवेडसन यांना एका खनिजात हे मूलद्रव्य सापडले. दगडात सापडले म्हणून ग्रीक भाषेतील 'लिथॉस', म्हणजे दगड, या शब्दावरून त्याचे नाव पडले. हा सर्वांत हलका धातू असून आपला इलेक्ट्रॉन तो फार सहज सोडून देतो. शिशाचा अणुभार २०७ आणि तो बॅटरीत दोन इलेक्ट्रॉन देतो. लिथियमचा अणुभार ७ आणि तो एक देतो. म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे शिशाला जवळजवळ १०४ एकके वजन वाहावे लागते, तर लिथियमला फक्त ७.

पण लिथियम पाण्याशी जोराने क्रिया करतो, त्यामुळे पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावके वापरणे भाग होते. १९७० च्या दशकात तेलसंकट आले आणि तेलकंपन्याही पर्यायी ऊर्जेचा विचार करू लागल्या. अमेरिकेतील एक्झॉन कंपनीत काम करणाऱ्या स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७६ मध्ये टायटॅनियम डायसल्फाईडची धन पट्टी वापरून लिथियमची बॅटरी मांडली. हा पदार्थ पातळ थरांचा असतो. वीज काढताना लिथियमचे आयन या थरांच्या फटींत शिरतात आणि चार्ज करताना बाहेर पडतात. थर मात्र जागच्या जागी राहतात.

हाच सगळ्यात महत्त्वाचा बदल होता. मघाशी आपण वाडा पाडून पुन्हा बांधत होतो. येथे वाड्याऐवजी धर्मशाळा आहे. पांथस्थ येतात, मुक्काम करतात आणि जातात, इमारत तशीच उभी असते. भिंतींना धक्का लागत नसेल, तर धर्मशाळा रोज पूर्ण भरली आणि पूर्ण रिकामी झाली म्हणून काय बिघडले?

अडचण दुसऱ्या बाजूला होती. ऋण पट्टी शुद्ध लिथियमची होती. चार्ज करताना लिथियम तिच्यावर सपाट न बसता सुईसारखे वाढे आणि सुई पलीकडे टेकली की आत शॉर्ट सर्किट होई. १९८९ मध्ये कॅनडात बनलेल्या लिथियम धातूच्या बॅटऱ्यांनी मोबाईल फोनमध्ये पेट घेतल्यावर त्या माघारी घ्याव्या लागल्या. उपाय तोपर्यंत तयार होत आला होता. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साईडची धन पट्टी शोधली होती. ती सुमारे ४ व्होल्ट देई. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण पट्टीसाठी लिथियम धातूऐवजी कार्बन वापरला. आता दोन्ही टोकांना धर्मशाळाच होत्या आणि लिथियमचे आयन एकीतून दुसरीत ये-जा करत. १९९१ मध्ये सोनी कंपनीने अशी बॅटरी बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

लोखंड कामी आले

कोबाल्टची बॅटरी कॅमेऱ्याला आणि फोनला उत्तम होती. पण कोबाल्ट महाग आणि बॅटरी फार तापली तर त्याचे ऑक्साईड ऑक्सिजन सोडू लागते. आगीला हवा असलेला ऑक्सिजन आतूनच मिळाला, तर ती विझवणे कठीण. मोठ्या साठवणीसाठी स्वस्त आणि शांत स्वभावाचा पदार्थ हवा होता.

गुडइनफ यांच्याबरोबर ऑक्सफर्ड आणि टेक्सास येथे काम केलेले, मूळचे तमिळनाडूचे अरुमुगम मंथिराम यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की साध्या ऑक्साईडऐवजी सल्फेटसारखा गट असलेली लोखंडाची संयुगे घेतली, तर व्होल्टता वाढते. याच वाटेने पुढे जात १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील ए. के. पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटवरील निबंध प्रसिद्ध केला. हा पदार्थ ट्रायफिलाइट या खनिजाच्या रूपाने निसर्गातही सापडतो. त्यात फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध इतका घट्ट असतो की तापल्यावरही ऑक्सिजन सहजी सुटत नाही. लिथियम निघून गेले तरी मागे उरलेल्या आयर्न फॉस्फेटचा सांगाडा तोच राहतो.

सुरुवातीला मात्र शंभरपैकी साठच्या आसपासच लिथियम आत-बाहेर करता येत होते. हा पदार्थ विजेचा फारच वाईट वाहक आहे. म्हणून संशोधकांनीही तो स्वस्त आणि बिनविषारी असला तरी बेताच्या शक्तीच्या बॅटरीसाठी योग्य, असेच म्हटले होते. पुढच्या काही वर्षांत त्याचे कण अगदी बारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ लेप देण्याची युक्ती निघाली आणि ही उणीव दूर झाली.

आणखी एक सोय आयतीच मिळाली. या घटाची व्होल्टता ३.२ असते. चार घट ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट होतात आणि शिशाचे सहा घट जोडले की १२. त्यामुळे मोटारी, नौका आणि सौर दिवे यांची बारा व्होल्टची जुनी सामग्री नव्या बॅटरीवरही चालते. आज 'डीप सायकल लिथियम' म्हणून जी बॅटरी सहलीसाठी आणि सौरवीज साठवण्यासाठी विकली जाते, ती बहुधा हीच असते. विकत घेताना मात्र 'लिथियम' एवढ्याच शब्दावर समाधान मानू नये. लोखंड-फॉस्फेट आहे ना, हे विचारावे.

आमच्या शिबिराचा हिशेब

आता पुन्हा माळरानावर जाऊ. पाच वॉटचे चार दिवे पाच तास, म्हणजे १०० वॉट-तास. दुर्बिणीची १२ वॉटची मोटर पाच तास, ६० वॉट-तास. ४० वॉटचा संगणक तीन तास, १२० वॉट-तास. आठ मोबाईल प्रत्येकी १० प्रमाणे, ८० वॉट-तास. एकूण ३६० झाले. थॉमसन यांना मिळालेल्या पेटीत जवळपास एवढीच ऊर्जा होती! तारांतील व उपकरणांतील नुकसान धरून ४०० घेऊ.

लोखंड-फॉस्फेटची बॅटरी शेकडा ८० पर्यंत रिकामी करायला हरकत नाही. तेव्हा ४०० भागिले ०.८, म्हणजे ५०० वॉट-तास. त्याला १२.८ व्होल्टने भागले की ३९ अँपिअर-तास येतात. ५० अँपिअर-तासांची बॅटरी पुरेशी झाली. तिचे वजन साधारण सहा किलो असते. शिशाची डीप सायकल बॅटरी टिकवायची तर ती निम्मीच रिकामी करावी. तेव्हा ८०० वॉट-तास, म्हणजे ६७ अँपिअर-तास लागतील आणि वीस किलोंहून अधिक वजन उचलावे लागेल. आवर्तनांचा फरक याहून मोठा आहे. निम्मी रिकामी करत राहिल्यास शिशाची बॅटरी साधारण काही शे ते हजारभर आवर्तने देते. लोखंड-फॉस्फेटची चांगली बॅटरी शेकडा ८० रिकामी करूनही दोन-तीन हजारांच्या पुढे जाते. म्हणून दुकानातील किमतीला अँपिअर-तासांनी भागू नये. वापरता येणारे वॉट-तास गुणिले आवर्तने, या गुणाकाराने भागावे. महाग वाटलेली वस्तू कधी कधी येथे स्वस्त ठरते.

पाड्यावरील शाळेचा हिशेब यापेक्षा वेगळा. तेथे रोजची गरज मोजून तिला ढगाळ दिवसांच्या संख्येने गुणावे लागेल. कोकणात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर जुलै महिन्यात सूर्य सलग तीन-चार दिवस नीट दिसत नाही, हे विसरून चालणार नाही. १९९० च्या दशकात जागोजागी आलेले सौर कंदील अनेकांना आठवत असतील. त्यांची काच आणि सौरपट्टी धड असताना बॅटरीच आधी निकामी होई, कारण ढगाळ दिवसांत ती रोज तळाला जाई आणि पुरती भरली जात नसे. मुलांचा संध्याकाळचा अभ्यास अशा वेळी पुन्हा चिमणीच्या उजेडात होई.

नव्या बॅटरीचेही काही नियम आहेत. तिच्यात प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारे नियंत्रक मंडल असते. ते किती अँपिअर देऊ देते, ते पाहून मगच मोठी उपकरणे जोडावीत. जुना शिशाचा चार्जर तसाच वापरू नये, या बॅटरीला साधारण १४.६ व्होल्टपेक्षा जास्त देता कामा नये. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करू नये, कारण लिथियम कार्बनमध्ये शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचते. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही, पण हिमालयात पदभ्रमणाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. हिचे आतले द्रावण ज्वलनशीलच आहे, म्हणून बॅटरीजवळ फ्यूज हवाच. ठेवण्याची रीत तर शिशाच्या अगदी उलट आहे. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची. लोखंड-फॉस्फेटची महिनोन्महिने वापरायची नसेल, तर निम्मी भरून थंड जागी ठेवायची.

याचा अर्थ शिसे बाद झाले असा नव्हे. जीप चालू करायला तीच पातळ पट्ट्यांची बॅटरी योग्य आहे. जेथे वजनाची अडचण नाही आणि वीज क्वचितच जाते, तेथे ट्यूब्युलर बॅटरीही चांगली. शिवाय जुने शिसे वितळवून पुन्हा बॅटरीत वापरण्याची व्यवस्था कधीचीच रुजली आहे. शिसे विषारी असल्याने निकामी बॅटरी मात्र दुकानदारालाच परत करावी, भंगारात टाकू नये.

वर्गात करून पाहा

बारा व्होल्टची एक शिसे-आम्ल आणि एक लोखंड-फॉस्फेट बॅटरी मिळवा. दोन्ही पूर्ण भरा आणि प्रत्येकीला सारखाच बल्ब जोडा. दर पंधरा मिनिटांनी व्होल्टता आणि प्रवाह मोजून आलेख काढा. शिशाची बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास आली की थांबा. तिचा आलेख हळूहळू उतरत गेलेला दिसेल. लोखंड-फॉस्फेटचा मात्र बराच काळ सपाट राहील आणि शेवटी एकदम कोसळेल. त्यामुळे नुसत्या व्होल्टमीटरवरून ही बॅटरी किती भरली आहे ते कळत नाही, आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजावा लागतो. असे का, हे मुलांना विचारा. धर्मशाळेची उपमा देऊन तेच उत्तर शोधतील. प्रवाह, व्होल्टता आणि वेळ यांचा गुणाकार करून वॉट-तास काढायला सांगा आणि बॅटरीवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

आम्ही आता शिबिराला सहा किलोंची बॅटरी नेतो. ती आठवीची मुलगीही सहज उचलते. पहाटे शेवटची उल्का मोजून झाली की मुले राहिलेले वॉट-तास वहीत लिहितात. जीपची बॅटरी जीपमध्येच असते आणि घरी परतताना कोणाला गाडी ढकलावी लागत नाही.